कोयनेलचे झाड आणि मामानीचे नाव

आपल्या पणजी-पणजोबांसमोर 'कोयनेल' हा शब्द काढला असता, तर नुसत्या आठवणीने त्यांचे तोंड कडू झाले असते. कोयनेल म्हणजे क्विनाईन. पावसाळा सरत आला की हिवताप यायचा. दात वाजेपर्यंत थंडी भरायची, अंगावर दोन-दोन गोधड्या टाकल्या तरी थरथर थांबायची नाही. मग ती पांढरी कडू पूड पाण्याबरोबर घशाखाली ढकलायची. सातपुड्याच्या कुशीतल्या आपल्या तिगाव, पांढुर्णा, सौंसर या पट्ट्याला हिवताप काही परका नव्हता.

ती पूड ज्या झाडाच्या सालीतून निघायची ते झाड मात्र इथले नव्हते. त्याचे नाव सिंकोना, आणि त्याचे घर दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या पूर्व उतारावर. हे झाड शोधायला माणसे त्या डोंगरांत कशी हिंडली आणि ते आपल्या देशात कसे आले, ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. कारण तिचा शेवट आज आपल्याच ग्रामपंचायतीच्या एका वहीपाशी येऊन थांबतो.

साल हवी, पण झाड कुठले?

सिंकोनाची साल तापावर चालते हे युरोपला सतराव्या शतकातच कळले होते. १८२० मध्ये पॅरिसमधल्या पेल्तिए आणि कावांतू या दोघांनी त्या सालीतून क्विनाईन वेगळे काढले आणि मागणी भराभर वाढली. इंग्रज, डच, फ्रेंच सगळ्यांनाच गरम मुलखांत राज्य चालवायचे होते, आणि त्यांचे सैनिक लढाईपेक्षा तापानेच जास्त मरत होते.

साल मात्र पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोर, कोलंबिया अशा देशांच्या जंगलांतूनच यायची. साल काढणारे बहुतेक वेळा झाडच तोडत, त्यामुळे जवळची झाडे संपत चालली होती. त्यात सिंकोनाच्या जाती बऱ्याच. काहींच्या सालीत भरपूर क्विनाईन, काहींत जवळपास नाहीच. वरवर पाहणाऱ्याला सगळी झाडे सारखी दिसत. कोणते झाड खरे आणि कोणते फुकाचे, हे ओळखायची नजर फक्त साल काढणाऱ्या स्थानिक लोकांकडे होती. त्यांना तिकडे 'कास्कारियेरो' म्हणत. बी आणि रोपे देशाबाहेर जाऊ नयेत म्हणून तिथली सरकारेही डोळ्यांत तेल घालून बसली होती.

मार्कहॅम, स्प्रूस आणि काचेच्या पेट्या

१८५९ मध्ये ब्रिटिश सरकारने क्लेमंट्स मार्कहॅमला हे काम दिले. मार्कहॅम स्वतः दक्षिण पेरूच्या काराबाया भागात शिरला. घसरड्या वाटा, सततचा पाऊस, आणि रोपे नेतो आहे हे कळल्यावर स्थानिकांनी केलेला विरोध, या सगळ्यातून त्याने रोपे बाहेर काढली. काचेच्या बंद पेट्यांत घालून ती जहाजाने निघाली. अशा पेटीत ओल आतच फिरत राहते, म्हणून लांबच्या प्रवासात रोपे तगतात. पण उष्णतेने आणि लांबलेल्या वाटेने घात केला. उटीला पोचेपर्यंत ती रोपे खचली होती आणि पुढे जवळजवळ सगळी मेली.

मोहीम वाचवली ती रिचर्ड स्प्रूसने. यॉर्कशायरचा हा वनस्पतिशास्त्रज्ञ १८४९ पासून ॲमेझॉन आणि अँडीजमध्ये भटकत होता. आजाराने त्याला धड चालताही येत नव्हते. तशा अवस्थेत त्याने १८६० मध्ये इक्वेडोरमधल्या चिंबोराझो पर्वताच्या उतारावर लाल सालीच्या सिंकोनाचे सुमारे एक लाख बी जमवले. रॉबर्ट क्रॉस या माळ्याने शेकडो रोपे तयार करून भारतात पोचवली. उटीच्या बागेचा प्रमुख विल्यम मॅकायव्हर याच्या हाताखाली निलगिरीत ही लाल साल रुजली. दार्जिलिंगजवळ मुंगपूलाही सरकारी लागवड उभी राहिली.

आपल्या महाराष्ट्रातही प्रयोग झाला. महाबळेश्वरला लिंगमळ्याचा धबधबा बघायला तुम्ही गेला असाल. त्याच परिसरात १८६० च्या दशकात सिंकोनाची सरकारी लागवड केली होती. पण झाडाला ती जागा मानवली नाही आणि प्रयोग गुंडाळावा लागला. डोंगर, पाऊस, थंडी सगळे असूनही झाड येईलच असे नसते. त्याला त्याचीच माती आणि त्याचेच ऋतू लागतात.

बंगालमध्ये १८९२ पासून टपाल कचेरीत एका पैशाला कोयनेलची पुडी मिळू लागली आणि हळूहळू ही पद्धत इतर प्रांतांतही गेली. गरिबाच्या हाती औषध पडले, ते असे.

चार वर्षे वाट पाहणारा माणूस

आता या गोष्टीतला खरा माणूस. त्याचे नाव मॅन्युएल इन्क्रा मामानी. तो बोलिव्हियातला आयमारा, आणि चार्ल्स लेजर नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याकडे बरीच वर्षे कामाला होता. कोणत्या सिंकोनाची साल सगळ्यांत ताकदीची, हे मामानी जंगलात उभ्या उभ्या ओळखायचा. लेजरने त्याला त्या झाडाचे बी आणायला सांगितले.

मामानी डोंगरात गेला आणि वर्षभरात परत आला नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. झाडे फुलायची, पण बी पिकायच्या आत हिमकडा पडून सगळे करपायचे. हलके बी आणून काम उरकता आले असते. त्याने तसे केले नाही. चार वर्षे थांबला, चांगले पिकलेले बी हाती लागले तेव्हाच निघाला, आणि शेकडो मैल चालत अँडीज ओलांडून १८६५ मध्ये समुद्राकडच्या ताक्ना गावी लेजरकडे पोचला.

लेजरने बी लंडनला भावाकडे धाडले. ब्रिटिश सरकारने ते घेतलेच नाही. काही बी डच सरकारने अगदी थोड्या पैशांत घेतले आणि काही निलगिरीच्या एका मळेवाल्याकडे गेले. डचांच्या बियांपासून जावात सुमारे वीस हजार रोपे उगवली. झाडे मोठी झाल्यावर साल तपासली तर तिच्यात क्विनाईन काही ठिकाणी तेरा टक्क्यांपर्यंत निघाले. इतर जातींत दोन-चार टक्के निघाले तरी लोक खूश असत. १९३० च्या दशकात जगातले नव्वद टक्क्यांहून अधिक क्विनाईन एकट्या जावातून येत होते. १९४२ मध्ये जपानने जावा घेतल्यावर मित्र राष्ट्रांच्या फौजांची इतकी कोंडी झाली की अमेरिकेला पुन्हा वनस्पतिशास्त्रज्ञ पाठवून अँडीजमध्ये रानटी सिंकोना शोधावा लागला.

आणि मामानी? पुन्हा बी गोळा करायला गेला असताना तो पकडला गेला. तुरुंगात त्याला बेदम मारले. बी कुणासाठी नेतोस ते सांग, म्हणून विचारत होते. त्याने नाव सांगितले नाही असे लेजरने पुढे लिहून ठेवले आहे. सुटल्यावर थोड्याच दिवसांत तो गेला. त्या झाडाला शास्त्रीय नाव मिळाले 'सिंकोना लेजरियाना'. लेजरला म्हातारपणी डच सरकारने पेन्शन दिली. झाड ओळखणाऱ्याचे नाव झाडाच्या नावात कुठेच आले नाही.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे, ती विसरू नये. बी बाहेर गेले म्हणून लाखो जीव वाचले, त्यांत आपल्याकडचेही असतील. पण ज्या डोंगरांतून ते गेले, त्या डोंगरांतल्या लोकांच्या पदरात त्यातले काही पडले नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

केरळात काय झाले

आता एक आपल्या देशातली घटना. १९८७ मध्ये केरळच्या अगस्त्य डोंगरात काही शास्त्रज्ञ कानी आदिवासींना वाटाड्या घेऊन फिरत होते. शास्त्रज्ञ दमले, पण कानी मंडळी दमेनात. ती मधूनमधून एका रानवनस्पतीची फळे खात होती. विचारल्यावर आधी सांगायला तयार नव्हती, कारण ही त्यांच्या जमातीची गोष्ट. मग विश्वास बसला आणि 'आरोग्यपच्चा' जगाला कळली. तिच्यापासून 'जीवनी' नावाचे औषध तयार झाले. त्याच्या परवाना शुल्कातला आणि रॉयल्टीतला निम्मा वाटा कानी समाजाला द्यायचे ठरले, आणि त्यासाठी १९९७ मध्ये त्यांचा ट्रस्ट स्थापन झाला. पुढे अडचणी आल्या. जंगलातून ही वनस्पती किती आणि कुणी काढायची यावरून वाद झाले. तरीही मामानी आणि कानी यांच्यात जो फरक पडला, तो लहान नाही.

चीनमधली तू यूयू यांची गोष्टही इथे जोडून घ्या. आजचे हिवतापाचे मुख्य औषध आर्टेमिसिनिन त्यांच्या संशोधनातून आले आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. वनस्पती ठाऊक होती, पण उकळलेल्या अर्काचा गुण नीट येत नव्हता. चौथ्या शतकातल्या एका वैद्याने लिहून ठेवले होते की ती पाण्यात भिजवून पिळून रस घ्यावा, उकळायचे त्यात नव्हते. त्यावरून त्यांनी कमी तापमानावर अर्क काढला आणि तो लागू पडला. म्हणजे कोणती वनस्पती एवढेच पुरत नाही, ती कशी वापरायची तेही लिहिलेले असावे लागते.

आपल्या सातपुड्यात

आपल्याला अँडीजला जायची गरज नाही. छिंदवाड्याच्या पुढे तामियाजवळ पाताळकोट आहे. कड्यांनी वेढलेली खोल दरी, मधून दुधी नदी, आणि तळाशी भारिया आणि गोंड लोकांची गावे. तिथल्या जडीबुटी जाणणाऱ्यांची ख्याती दूरवर आहे. मध्य प्रदेश सरकारने २०१९ मध्ये पाताळकोटला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केले.

पाताळकोट लांब वाटत असेल तर आपल्या संत्र्याच्या बगिच्यात बघा. झाड संत्र्याचे दिसते, पण त्याचा पाय बहुधा जंबेरीचा किंवा रंगपूर लिंबाचा असतो. त्या आंबट, काटेरी खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात, तेव्हा कुठे बगिचा उभा राहतो. अशा खुंटांचे आणि रानटी लिंबूवर्गीय झाडांचे महत्त्व ओळखून मेघालयात नोकरेकच्या डोंगरात रानसंत्र्यासाठी राखीव जंगल ठेवले आहे. बाजारात ज्याला किंमत नाही असे झाड उद्या आपला बगिचा वाचवू शकते.

२००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते, आणि तिने गावातल्या वनस्पती, प्राणी, बियाणे आणि त्यांच्याविषयीची माहिती 'लोक जैवविविधता नोंदवही'त लिहायची असते. बाहेरच्या कंपनीने इथली वनस्पती किंवा ज्ञान वापरून व्यवसाय केला, तर गावाला वाटा मिळावा ही त्यामागची कल्पना. मामानीच्या काळी असा कायदा नव्हता. आपल्याकडे आहे. पण वहीत नोंदच नसेल तर वाटा मागायचा कशाच्या जोरावर?

तुम्ही पुण्या-नागपुरात, बंगळुरूत किंवा परदेशात असाल. दिवाळीला गावी याल तेव्हा एवढे करा. घरातल्या आजीजवळ बसा. तरोटा, चिवळ, घोळ, कटुले, मोहफुले, टेंभुर्णी, चारोळी, ती जे जे सांगेल ते तिच्या शब्दांत लिहा: गावातले नाव, कोणत्या महिन्यात येते, कोणता भाग घेतात, कसे शिजवतात, काय टाकून देतात. सांगणारीचे नाव वर लिहा, तिला विचारून. पुढच्या खेपेला शेतावर जाऊन ती झाडे ओळखायला शिका. मग समितीकडे जाऊन तिगावची, किंवा तुमच्या गावची, नोंदवही बघायला मागा आणि आजीने सांगितलेले त्यात आहे का ते पाहा. नसेल तर घालायला सांगा.

दोन गोष्टी जपा. औषधी म्हणून सांगितलेले काहीही स्वतःवर करून बघू नका. ते लिहिण्यासाठी आहे, तापाला दवाखाना आहे. आणि एखादी दुर्मिळ वनस्पती सापडली तर तिचा फोटो ठिकाणासकट मोबाइलवरून सगळीकडे पाठवू नका. आठवडाभरात ती मुळासकट उपटली जाते.

मामानीचे नाव आपल्याला कळते ते लेजरच्या पत्रांमुळे. आपल्या आजीचे नाव कळायला मात्र कुण्या लेजरची वाट बघायला नको. वही पंचायतीत आहे आणि लिहिता आपल्याला येते.