बाळाची पहिली शी

विषय वाचून कोणी नाक मुरडील, याची मला कल्पना आहे. गेल्या दिवाळीपर्यंत मीही मुरडले असते. पण ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि याच विषयाने आमच्या घराची झोप उडवली.

गर्भातले बाळ गर्भजल गिळत असते. त्यातील लव, आतड्याच्या झडलेल्या पेशी, चिकट स्राव आणि पित्त आतड्यात साठते. तीच ही पहिली शी : हिरवट काळी, डांबरासारखी चिकट. वैद्यकात तिला ‘मेकोनियम’ म्हणतात. पूर्ण दिवसांच्या १०० पैकी ९० हून अधिक बाळांना ती २४ तासांत होते, ४८ तासांत जवळजवळ सर्वांना. आईचा चीक पाजल्याने ती लवकर होण्यास मदत होते. पुढे चार-पाच दिवसांत शी पिवळी होते.

आमच्या भाच्याचा दुसरा दिवस सरला, तरी शी नाही. पोट नगाऱ्यासारखे फुगले. आजी म्हणाली, “एरंडेलाचे बोट चाटवा, मोकळे होईल.” तोच बाळाला हिरवी उलटी झाली. “आजी, तोंडाने काही देऊ नका,” म्हणत परिचारिका डॉक्टरांना बोलवायला धावली.

अशा उशिराची कारणे अनेक. कधी मळाचाच घट्ट बूच बसतो, कधी गुदद्वारच तयार झालेले नसते. भाच्याच्या गुदाशयाचा बारीक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तेव्हा ‘हिर्शस्प्रुंग’ आजार निघाला. कोपनहेगनचे डॉक्टर हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ साली त्याचे वर्णन केले. सुमारे ५,००० बाळांत एकाला तो होतो. गर्भात चेतापेशी आतड्यातून वरून खाली उतरत जातात. त्या शेवटापर्यंत पोहोचल्या नाहीत, तर खालचा भाग आकसलेलाच राहतो आणि वर मळ व वायू कोंडतो. अशा आतड्याला एरंडेल देणे म्हणजे बंद दारावर गर्दी लोटणे! वेळीच इलाज झाला नाही, तर आतड्याला सूज येऊन जीवही जातो.

शस्त्रक्रियेत चेतापेशी नसलेला भाग काढून चांगले आतडे खाली आणून जोडतात. भाचा त्यातून बरा झाला. आता घरभर रांगतो.

आजीचा दोष नव्हता. तिच्या माहितीप्रमाणे ती बोलली. आपण शिकलेल्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे : २४ तासांत शी नाही, पोट फुगले किंवा उलटी हिरवी झाली, तर घरगुती औषध नको, डॉक्टर हवा.

हल्ली कोणी बाळंत झाल्याचे कळले, की आजी मुलगा की मुलगी हे विचारण्याआधी विचारते, “शी झाली का ग?” सगळे हसतात. मला मात्र हसू येत नाही.