ज्योत, वारा आणि आठ एमएमची काच

महाबळेश्वरच्या जुन्या बंगल्यांत भिंतीतली शेकोटी अजून दिसते. चिखलोलीत शेकोटी म्हणजे डिसेंबरात वॉचमन गेटपाशी पेटवतो ती. आगीशी या भागाचं नातं म्हणाल, तर अंबरनाथच्या विमकोच्या काडेपेटीचं. तरीही जाळाशेजारी काच लावून मागणारी गिऱ्हाइकं इथल्या काचवाल्यांना मिळत राहतात. त्याला कारण नव्या इमारतींचा नकाशा. ओट्याच्या टोकाला शेगडी आणि तिला खेटून ड्राय बाल्कनीचं उघडं तोंड. अंबरनाथ-बदलापूरच्या मधल्या या पट्ट्यात आता टॉवर उठताहेत, रेल्वेचं नवं स्टेशनही व्हायचंय. पण नकाशा काढणाऱ्याने जूनमधला नैर्ऋत्येचा वारा सातव्या मजल्यावर कधी अंगावर घेतलेला नसावा. दुधाखालचा गॅस बारीक केला की ज्योत विझते आणि गॅस मात्र सुटत राहतो. संध्याकाळी डास, एखाद्या रात्री एमआयडीसीचा वास, हे वर.

आमची मागणी साधी होती. साडेचार फूट रुंद आणि सात फूट उंच तोंड. ओट्याकडच्या अर्ध्यात कायमची काच, उरलेल्या अर्ध्यात सरकते पल्ले, एक काचेचा आणि एक जाळीचा. उल्हासनगरच्या दुकानात मालकांनी भाव सांगायच्या आधी विचारलं, “काकू, शेगडी काचेपासून किती लांब?”

“वीतभर.”

“मग साधी काच डोक्यातनं काढून टाका.”

काच नुसती तापल्याने फुटत नाही; एका जागी तापून शेजारी गार राहिली की फुटते. तापलेला भाग पसरायला बघतो, चौकटीतली गार कड त्याला पसरू देत नाही, आणि तडा त्या कडेपासून सुरू होतो. कंदील वापरलेल्या पिढीला हे सांगायला नको. कराडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ साली ओगले बंधूंनी काच कारखाना उभारला, पुढे तिथला प्रभाकर कंदील घरोघरी गेला, आणि तापलेल्या चिमणीवर पाण्याचा एक थेंब उडाला तर काय होतं ते आजीला पदार्थविज्ञान न शिकता ठाऊक होतं. साध्या काचेला दोन भागांतला चाळीसेक अंशांचा फरकही जड जातो. टफन काच दोनशेपर्यंत निभावते. थंड देशांत लाकडं जाळायच्या शेकोटीला दार बसवतात तेव्हा टफनही पुरत नाही; तिथे काच-सिरॅमिकची जात वापरतात, जी सातशे अंशांपर्यंत टिकते, कारण तापली तरी ती जवळजवळ पसरतच नाही. आपल्या कढईला ते चोचले नकोत.

टफन म्हणजे काही वेगळी काच नव्हे. साधीच काच मापाला कापून, कडा घासून भट्टीत सव्वासहाशे अंशांच्या आसपास तापवतात आणि हवेच्या झोतांनी झटक्यात गार करतात. वरचा थर आधी आवळतो, आतला मागाहून आवळताना त्याला आणखी दाबतो, आणि त्या दाबातून ताकद येते. पण एकदा भट्टीतून आली की तिला सूतभरही कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. हात लावायला जावं तर अख्खी चुरा होते. म्हणून या धंद्यात खरी कसोटी कटरची नाही, टेपची.

माप घ्यायला आलेला मुलगा विशीतला होता. टेपआधी त्याने ओळंबा सोडला आणि भिंतीकडे बघून म्हणाला, “पोट काढलंय हिने.” मग रुंदी तीन ठिकाणी मोजली: लादीपाशी चोपन्न इंच, कमरेच्या उंचीला त्रेपन्न इंच पाच सूत, डोक्यावर त्रेपन्न इंच सात सूत. नंतर दोन्ही कर्ण. ते सारखे आले नाहीत, याचं आश्चर्य फक्त मला वाटलं. सगळ्यांत लहान आकडा धरायचा, त्यातून चॅनल आणि रबरासाठी जागा वजा करायची. काच गुण्यात कापायची आणि भिंतीचा वाकडेपणा सिलिकॉनने झाकायचा. हिशेब मात्र या मापावर होत नाही. बिलात इंच वरच्या पटीत ढकलतात, म्हणजे जी काच आपल्या घरात येणारच नाही तिचेही पैसे आपण देतो. रिवाज आहे म्हणे. मला तो पटलेला नाही.

मग त्याने विचारलं, “सिलेंडर आहे की लाइन?”

काचेच्या कामात हा प्रश्न कशाला, असं वाटलं. पण सगळ्या व्यवहारात मोलाचा प्रश्न तोच निघाला. सिलेंडरमधला गॅस हवेपेक्षा जड. गळला तर जमिनीलगत पसरून साचतो. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हलका, तो छताकडे जातो. पावसात काचेचा पल्ला ओढून घेतला की स्वयंपाकघर डबाबंद होणार, आणि मग गळलेला गॅस जाणार कुठून? सिलेंडर असेल तर फट खाली हवी, लाइन असेल तर वर. आमच्याकडे आज सिलेंडर, उद्या लाइन. तेव्हा कायमच्या काचेच्या खाली चार इंच आणि वर तीन इंच मोकळे सोडायचं ठरलं, दोन्हीकडे स्टीलची जाळी ठोकून. वारा अडवायला निघालेली मी वाऱ्यासाठीच दोन वाटा ठेवून घेत होते. खालची फट ओट्याच्या पातळीच्या कितीतरी खाली असल्याने तिथून येणारा वारा ज्योतीपर्यंत पोचत नाही.

जाळीबद्दल दुकानदार फायबरचा आग्रह धरतात. स्वस्त, काळी, बाहेरचं छान दिसतं. तिच्यावर प्लॅस्टिकचा लेप असतो. शेगडीजवळ तो मऊ पडतो, आणि फोडणीचं तेल बसलं की घासताना जाळी चौकटीतून निसटते. स्टीलची ३०४ जाळी महाग, थोडी चकाकते, पण सोड्याच्या पाण्याने खसाखसा घासता येते. आम्ही स्टील घेतली.

काच आली तेव्हा दोघांनी धरली होती. आठ एमएमची ती कायमची काच अठ्ठावीस किलोच्या आसपास भरते. लादीवर आधी लाकडाच्या पट्ट्या टाकल्या, मग तिला टेकवलं. मुलाने मधोमध जोरात मूठ हाणली, काही झालं नाही. “पण कोपरा लादीला लागू द्या, मग बघा,” असं म्हणत दुसऱ्या हाताने तो कोपरा जपतच होता. खालच्या कोपऱ्यात बनवणाऱ्याचा न पुसला जाणारा शिक्का असतो. तो नसेल तर टफन म्हणून दिलेली काच टफनच आहे हे घरबसल्या ओळखणं अवघड. शिक्का बघूनच उरलेले पैसे दिले.

सिलिकॉन वाळायच्या आत वरच्या मजल्यावरच्या वहिनी बघायला आल्या. काम आवडलं. म्हणाल्या, “आमचा फ्लॅट अगदी यांच्यासारखाच, याच मापाची टाकून द्या ऑर्डर.” मुलाने मान हलवली, टेप उचलली आणि त्यांच्या मागोमाग जिना चढला. खाली आला तेव्हा तळहातावर पेनाने लिहिलेलं होतं: त्रेपन्न इंच दोन सूत.