कुटुंबाने निघावे ते एकत्र

संत मत्तयाच्या शुभवर्तमानातील एका रात्रीचे स्मरण आपण दरवर्षी नाताळानंतर करतो. हेरोदाचा घातकी बेत कळताच संत योसेफ उठला आणि रातोरात मिसर देशाच्या वाटेला लागला. आधी आपण जाऊन बस्तान बसवू, मागाहून माणसे नेऊ, असा हिशेब त्याने केला नाही. बाळ आणि बाळाची माता यांना घेऊनच तो निघाला. पोप बारावे पायस यांनी १ ऑगस्ट १९५२ रोजी स्थलांतरितांविषयी जे आज्ञापत्र काढले, त्याचे 'एक्सुल फमिलिया', म्हणजे परागंदा कुटुंब, हे नावच या प्रसंगावरून आले. नाझरेथच्या या कुटुंबाला त्यांनी सर्व स्थलांतरितांचा आदर्श मानले.

आमच्या गोमंतकीय माणसाच्या परदेशगमनाचा इतिहास मात्र बहुतांशी निराळा आहे. आमचे आजोबा मुंबईला गेले ते एकटे, आणि गाववाल्यांच्या कुडात पेटीशेजारी निजले. आमचे वडील बोटीवर किंवा आखातात गेले तेही एकटेच. घरी बायको, मुले, म्हातारी माणसे आणि महिन्याची मनिऑर्डर राहिली. त्या काळी दुसरा इलाजच नव्हता. आज पेडणे आणि डिचोली महालांतील अनेक तरुण जोडपी सहकुटुंब जाण्याचा विचार करतात, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु आता कुटुंबाची ताटातूट समुद्राने होत नाही, कागदाने होते. कोणता कागद आधी करावा आणि कोणता मागाहून, हे न कळल्यामुळे नवरा एका देशाचा, बायको दुसऱ्या देशाची आणि मूल अधांतरी, अशी अवस्था ओढवू शकते. यास्तव या विषयाचा थोडा खुलासा येथे करीत आहोत.

पोर्तुगीज कागद आपल्या वाट्याला कसा आला, हे प्रथम पाहू. डिचोली १७८१ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीज सत्तेखाली आले. हे महाल नव्या काबिजादीतले असले, तरी १९ डिसेंबर १९६१ पूर्वी येथे जन्मलेला माणूस साष्टी-बारदेशातील माणसाइतकाच पोर्तुगीज कायद्याच्या कक्षेत होता. मग तो ख्रिस्ती असो वा हिंदू. भारत सरकारच्या १९६२ च्या आदेशाने येथील रहिवासी भारताचे नागरिक झाले. ३१ डिसेंबर १९७४ रोजी दोन्ही देशांत तह होऊन पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. तथापि १९६१ पूर्वी येथे जन्मलेल्यांना व त्यांच्या संततीला आपला जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात नोंदवून पोर्तुगीज नागरिकत्व मागण्याची वाट पोर्तुगालच्या कायद्याने मोकळी ठेवली. पोर्तुगालचा आजचा नागरिकत्व कायदा मुळात १९८१ चा आहे आणि त्यात वेळोवेळी बदल होत आले आहेत. म्हणून शेजाऱ्याने दहा वर्षांपूर्वी जे केले ते आज तसेच चालेल, असे कोणी धरून चालू नये. पणजी येथील पोर्तुगीज वकिलातीत ताजा नियम विचारूनच पुढचे पाऊल टाकावे.

ही नोंद शिडीच्या पायऱ्यांसारखी चढत जाते. १९६१ पूर्वी जन्मलेल्या आजोबांचा किंवा आजीचा जन्म आधी नोंदवावा लागतो. मग त्यांचा विवाह. मग त्यांच्या मुलाचा जन्म. मग त्या मुलाचा विवाह. आणि शेवटी नातवंडे. एक पायरी निखळली की वरची चढता येत नाही. आणि पायरी निखळते ती बहुधा नावावरून. बाप्तिस्म्याच्या पुस्तकात फादरांनी पोर्तुगीज वळणाने लिहिलेले नाव, शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी मराठी उच्चाराप्रमाणे लिहिलेले नाव आणि पासपोर्टावर इंग्रजी वळणाचे नाव, अशी एकाच माणसाची तीन नावे आमच्याकडे नवलाची नाहीत. परक्या देशाच्या कारकुनाला ती तीन माणसे वाटतात. म्हणून अर्ज करण्यापूर्वी घरातील सर्व दाखले एका मेजावर मांडावेत, अक्षर नि अक्षर ताडून पाहावे आणि दुरुस्ती आपल्या महालाच्या नागरी निबंधकाकडे रीतसर करून घ्यावी. जुन्या पिढीचा माग लावण्यास चर्चची पुस्तके उपयोगी पडतात. फादरांना विचारण्यास संकोच करू नये.

आता पती-पत्नींविषयी. आपल्या महालांची एक खास अडचण आहे. पेडण्याच्या पलीकडे सावंतवाडी, डिचोलीच्या पलीकडे दोडामार्ग. आमच्या कितीतरी सुना तिकडच्या आणि आमच्या लेकी तिकडे दिलेल्या. धर्म एक, बोली एक, सोयरीक जुनी. परंतु ती भूमी पोर्तुगीजांची कधी नव्हती. त्यामुळे सावंतवाडीची सून जन्माने या हक्काची धनी होत नाही. तिला तो विवाहाच्या नात्यानेच मिळू शकतो. पोर्तुगीज कायद्याप्रमाणे पोर्तुगीज नागरिकाशी विवाह होऊन तीन वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, विवाह टिकून असताना, जोडीदाराला नागरिकत्वाची मागणी करता येते; आणि त्यासाठी तो विवाह पोर्तुगालच्या दप्तरी चढलेला असावा लागतो. पोर्तुगीज समाजाशी खरा संबंध नाही, या कारणावरून तेथील सरकार हरकतही घेऊ शकते. म्हणजे नवऱ्याला कागद मिळाला की बायकोला आपोआप मिळतो, ही समजूत चुकीची आहे.

गोव्यात चर्चमधील विवाहाची नोंद नागरी निबंधकाच्या पुस्तकात उतरते, ही येथील जुन्या कायद्याने केलेली मोठी सोय होय. विवाह पलीकडे, सिंधुदुर्ग धर्मप्रांतातील एखाद्या चर्चमध्ये झाला असेल, तर केवळ चर्चचा दाखला पुरेसा समजू नये. त्या राज्याच्या विवाह नोंदणी कार्यालयाचा दाखलाही घ्यावा. परदेशी सादर करावयाच्या दाखल्यांवर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा 'अपॉस्टिल' नावाचा शिक्का लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

कागद मिळाल्यावर जावयाचे कोठे? पुष्कळांच्या मनात अजून इंग्लंड आहे, कारण स्विंडन आणि साउथॉल येथे आपली माणसे आहेत. परंतु ब्रिटनने युरोपीय संघ सोडला आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी ती वाट बंद झाली. त्या दिवसापूर्वी जे तेथे राहत होते आणि ज्यांनी आपला वास्तव्याचा हक्क नोंदवून घेतला, त्यांचे हक्क टिकले. अशा माणसाचा विवाह त्या तारखेपूर्वी झालेला असेल आणि आजही टिकून असेल, तर त्याच्या जोडीदाराला त्याच योजनेखाली तेथे जाता येते; मुलांनाही जाता येते, मग त्यांचा जन्म त्या तारखेनंतरचा असला तरी. परंतु जो आज नवा पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन जाईल, त्याला ब्रिटनमध्ये नोकरी करण्याचा किंवा राहण्याचा हक्क त्या पासपोर्टाने मिळत नाही.

त्या तारखेनंतर ज्यांचा विवाह झाला, त्यांना ब्रिटनचा सर्वसाधारण कौटुंबिक व्हिसा मागावा लागतो. त्यासाठी वार्षिक १८,६०० पौंड उत्पन्नाची अट होती. ११ एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जदारांना ती २९,००० पौंड झाली. शिवाय इंग्रजीची परीक्षा आणि व्हिसाचे भारी शुल्क आहे. गोदामात किंवा कारखान्यात पहिल्या वर्षी काम करणाऱ्या माणसाला ही अट पुरी करणे सोपे नाही. लग्नाची तारीख ठरविण्यापूर्वीच दोन्ही घरांनी ही गोष्ट एकमेकांस स्पष्ट सांगावी. लग्नानंतर नवरी माहेरी वर्षानुवर्षे वाट पाहत बसणे कोणालाच भूषणावह नाही.

युरोपीय संघातील इतर देशांची रीत अधिक उदार आहे. पोर्तुगीज नागरिक आयर्लंड, फ्रान्स किंवा लक्झेंबर्ग यांसारख्या देशांत कामाला गेला, तर त्याच्या पत्नीला आणि एकवीस वर्षांखालील मुलांना, ती भारतीय नागरिक असली तरी, त्याच्याबरोबर राहण्याचा हक्क २००४ च्या युरोपीय नियमाने दिला आहे. पत्नीला प्रवेशाचा व्हिसा लागलाच, तर तो विनाशुल्क आणि शक्य तितक्या लवकर द्यावा, असे त्या नियमात म्हटले आहे. पुढे पाच वर्षांचे निवासपत्र मिळते. म्हणजे कुटुंब एकत्र राहावे यासाठी पत्नीने आपले भारतीय नागरिकत्व सोडलेच पाहिजे, असे नाही. ही एक गोष्ट जरी वाचकांनी लक्षात ठेवली, तरी पुष्कळ घाईचे निर्णय टळतील.

मुलांचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. भारताचा कायदा दुहेरी नागरिकत्व मानीत नाही. स्वेच्छेने परक्या देशाचे नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपते. मात्र नवऱ्याचे संपले म्हणून बायकोचे संपत नाही. ज्याने भारतीय नागरिकत्वाचा रीतसर त्याग केला, त्याच्या अज्ञान मुलांचेही नागरिकत्व त्याबरोबर जाते. सज्ञान झाल्यावर एक वर्षाच्या आत निवेदन करून मुलाला ते परत घेता येते. हे वर्ष केव्हा येते आणि जाते, हे मुलाला आईबापांनीच सांगितले पाहिजे.

परदेशी जन्मलेल्या मुलाचे आईबाप भारतीय नागरिक असतील, तर जन्माची नोंद एक वर्षाच्या आत तेथील भारतीय वकिलातीत करावी. उशीर झाला तर केंद्र सरकारची परवानगी लागते. आणि ब्रिटनमध्ये जन्मले की मूल ब्रिटिश झाले, ही समजूत १ जानेवारी १९८३ पासून खरी राहिलेली नाही. जन्माच्या वेळी आई किंवा बाप ब्रिटिश असावा, नाही तर त्याला कायम वास्तव्याचा हक्क मिळालेला असावा. तसे नसेल तर आईबापांपैकी एकाला तो हक्क मिळाल्यावर मुलाची स्वतंत्र नोंदणी करावी लागते. अनेक आईबाप हे विसरतात आणि मूल कॉलेजात जावयाच्या वेळी जागे होतात.

आणखी एक सावधगिरी. काही घरांत असा बेत होतो की बापाने ब्रिटनमध्ये मूल न्यावे, तेथे शिकवावे आणि आईने गोव्यात म्हाताऱ्यांजवळ राहावे. परंतु सर्वसाधारण व्हिसाच्या नियमाप्रमाणे, दुसरा पालक मायदेशी असेल तर मुलाची सर्व जबाबदारी एकट्या बापावरच आहे, असे सिद्ध करावे लागते. आई घरी जिवंत आणि लेकराची काळजी घेत असताना तसे सिद्ध होणार कसे? आणि खोटे लिहून सिद्ध केले, तर त्या खोट्यावर मुलाचे आयुष्य उभे राहणार काय?

मागे उरणाऱ्या घराचाही विचार हवा. ज्याने पोर्तुगीज नागरिकत्व घेतले त्याने भारतीय पासपोर्ट परत करून तसा दाखला घेतला पाहिजे. तो जवळ ठेवणे किंवा वापरणे हा गुन्हा आहे. मतदारयादीत नाव ठेवणेही बेकायदेशीर आहे. पुढे ओसीआय कार्ड मिळाले तर येण्याजाण्याची आणि राहण्याची मुभा असते, परंतु मतदान करता येत नाही आणि शेतजमीन किंवा बागायत विकत घेता येत नाही. वारशाने आलेली मात्र ठेवता येते. गोव्याच्या कायद्याप्रमाणे पती-पत्नींची मालमत्ता बहुधा सामाईक असते, त्यामुळे घर-भाट विकावयाचे झाल्यास दोघांच्याही सह्या लागतात. जाण्यापूर्वी विश्वासू माणसाच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवणे शहाणपणाचे.

तेव्हा बापाने एकट्याने दलालाकडे जाऊन सही करण्यापूर्वी एका रविवारी, मिस्सा आटोपल्यावर, सर्वांनी घरी एकत्र बसावे. नवराबायको, म्हातारे आईवडील आणि समजत्या वयाची मुलेही. तीन प्रश्न विचारावेत. आपल्यापैकी कोणाचा कागद होतो आणि कोणाचा होत नाही? ज्याचा होत नाही त्याला बरोबर नेण्याची वाट कोणती, आणि तिला किती काळ लागेल? आणि ते न जमल्यास आपण किती काळ वेगळे राहू शकतो? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय पहिल्याची घाई करू नये. जो दलाल नोंदीतील नाव किंवा तारीख 'जमवून देतो' म्हणेल, त्याला दारातूनच परत पाठवावे. आज जमविलेला कागद वीस वर्षांनी नातवाच्या आड येतो.

परदेशी जाणे पाप नव्हे, आणि गावी राहणे हा मागासपणाही नव्हे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या कुटुंबविषयक पत्रात स्थलांतरितांच्या कुटुंबांची विशेष काळजी घेण्यास ख्रिस्तसभेला सांगितले, ते त्यांच्या एकत्र राहण्याच्या हक्काची जाण ठेवूनच. मिसरातून परतल्यावर योसेफाने नाझरेथला सुतारकी केली. मिळकत थोडी होती, परंतु संध्याकाळी मेजाभोवती तिघेही होते. आपल्या घरचे मेज पेडण्यात असो, डिचोलीत असो वा डब्लिनमध्ये, त्याच्याभोवतीची माणसे एकत्र असावीत, एवढे मागणे प्रत्येक रोझरीच्या शेवटी आपण मागू या.