केंगेलेनीहून, एक वर्ष उरलेलं असताना

मोंबासा, केनिया

गेल्या रविवारी माझ्या दोन वर्षांच्या सेवाकाळातलं पहिलं वर्ष पुरं झालं. उपासना संपल्यावर पाळकांनी मला पुढे बोलावलं. मंडळी एका आवाजात म्हणाली, "ब्वाना असिफिवे", म्हणजे प्रभूची स्तुती असो. मग एका म्हाताऱ्या बाईंनी माझ्या खांद्यावर नवी लेसो, म्हणजे इथल्या बायकांचं छापील वस्त्र, टाकली. भिवंडीत मागांच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाचा हात कापडावर आपोआप फिरतो. मी सूत चाचपलं, काठ उलटून पाहिला. रात्री फोनवर घरी सांगितलं, तर बाबांनी पहिल्यांदा विचारलं, "किती काउंटचं असेल?"

या किनाऱ्यावरची बाई ओळखायची असेल तर लेसोपासून सुरुवात करावी. लेसोची जोडी एकसंध मिळते. ती मधोमध कापायची, कडा दुमडून शिवायच्या. एक कमरेला, दुसरी डोक्या-खांद्यावरून. चारी बाजूंनी रुंद काठ आणि खाली स्वाहिलीत छापलेली एक ओळ. नक्षीइतकीच ती ओळ पारखून बायका लेसो निवडतात. शेजारणीला द्यायची समज, नवऱ्यावरचा रुसवा, देवाचे आभार, तोंडाने न बोललेलं सगळं त्या ओळीत असतं. कितीतरी लेसो भारतात छापून येतात, त्यामुळे बाजारात गठ्ठा सुटला की मला घरचा वास येतो.

भाषेतही तसंच. दुकान म्हणजे 'डुका', गाडी म्हणजे 'गारी', रंग 'रांगी', पैसा 'पेसा', विमा 'बीमा'. मोबाईलवरून पैसे पाठवायची इथली 'एम-पेसा' २००७ साली सुरू झाली, तिच्यातही आपला पैसाच आहे. ईशान्येचे वारे सुटले की गलबतं आपल्या किनाऱ्यावरून इकडे यायची आणि नैऋत्येच्या वाऱ्यावर परतायची; या शब्दांनीही शेकडो वर्षं तीच वाट केली. सकाळी नाश्त्याला 'म्बाझी' मिळते. ती म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेले तुरीचे दाणे. ती पहिल्यांदा खाल्ली त्या दिवशी मला आईची फार आठवण आली.

वेळेने मात्र मला रडवलं. पहिल्या आठवड्यात मी घेते तो शिवणवर्ग 'सा ताटू'ला, तिसऱ्या तासाला, ठरला होता. मी दुपारी तीनला पोचले. मुली सकाळी नऊला येऊन, वाट पाहून निघून गेल्या होत्या. काही जणी पायी आल्या होत्या. विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षभर जवळजवळ एकाच वेळी उगवतो, म्हणून तास सूर्योदयापासून मोजतात. सातला पहिला, नऊला तिसरा. आपल्याकडे घटका मोजत तसंच. आजीने हे एका वाक्यात समजून घेतलं असतं.

वर्गाची खरी अडचण वेगळी आहे. परदेशातून येणाऱ्या जुन्या कपड्यांना इथे 'मिटुंबा' म्हणतात. त्यांचे गठ्ठे बाजारात फुटतात, आणि नवं शिवण्याच्या खर्चापेक्षा चांगला शर्ट स्वस्तात मिळतो. एका मुलीने मला सरळ विचारलं, मग शिवण शिकून करायचं काय? चार महिने माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर तिनेच शोधलं. शाळेचा गणवेश लागतोच, तोही मापाचा, आणि जुने कपडे मापात बसवण्याचं कामही कुणाला तरी करावं लागतं. आता आमचा निम्मा वर्ग गणवेशावर आणि दुरुस्तीवर चालतो.

मी राहते त्या भागाचं नाव केंगेलेनी. 'केंगेले' म्हणजे घंटा. केंगेलेनी म्हणजे घंटेपाशी. फ्रियर टाउन या मिशनच्या वसाहतीची ही घंटा. गुलामांचे व्यापारी येताना दिसले की ती वाजवून लोकांना सावध करत. १८७५ साली वसलेल्या या वसाहतीला मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचं नाव आहे, आणि तिथली सुरुवातीची बरीच माणसं आली होती आपल्या नाशिकहून! इंग्रजी आरमाराने गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं मुंबईला उतरवली जात. त्यांतली बरीच नाशिकच्या शरणपुरात वाढली, सुतारकी-लोहारकी शिकली. विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर, जॉर्ज डेव्हिड हे तिघं तर १८६४ सालीच इथून जवळच्या राबाईच्या मिशनमध्ये आले होते. १८८५ साली बिशप हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारले गेले, तेव्हा उरलेल्या काफिल्याला किनाऱ्यावर परत आणलं ते या जोन्सनी. शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या शवासोबत लंडनपर्यंत गेलेला जेकब वेनराइटही नाशिकचाच.

शरणपूर रोडवरून मी कितीदा बसने गेले असेन. हे मला तिथे कोणी सांगितलं नाही. समुद्र ओलांडल्यावर कळलं. आणि एक गोष्ट मनाला लागून राहिली. काम या माणसांनी ओढलं, पण पगारात आणि मानात त्यांना गोऱ्या मिशनऱ्यांच्या खालीच ठेवलं. त्यांनी तक्रारी केल्या, तरी त्यांना बरोबरीची जागा मिळाली नाही. त्यांची वसाहत रोज डोळ्यांसमोर असताना मी वर्षभर वर्गाच्या किल्ल्या स्वतःच्या कमरेला लावून फिरत होते. मशीन बिघडलं की मी, कापड आणायचं की मी, हिशेब मी.

पाळकांशी बोलून ठरवलं आहे: उरलेल्या वर्षात वर्ग दोन मुलींच्या हाती द्यायचा. कापड त्या आणतील, हिशेब त्या लिहितील, चुकल्या तर त्याच दुरुस्त करतील. गणवेशाचा प्रश्न सोडवणारी मुलगी त्यांतली एक. किल्ल्या काल तिला दिल्या. येत्या सोमवारी सा ताटूला पहिला वर्ग ती घेणार आहे. मी मागच्या बाकावर बसून नव्या मुलींना काज करायला मदत करीन.