आधी रूळ, मग स्क्रू

संगणक-नियंत्रित मिलिंग यंत्राचे टेबल दोन समांतर पोलादी रुळांवर सरकते आणि त्याला पुढे-मागे ढकलण्याचे काम बॉलस्क्रू, म्हणजे आटे पाडलेला लांब दांडा, करतो. या दांड्यावरील नटात पोलादी छर्रे फिरत असल्याने घर्षण कमी होते आणि मोटरच्या शक्तीपैकी सुमारे ९० टक्के शक्ती कामी येते. मात्र हा नट दांड्याच्या लांबीच्या दिशेने येणारा भार पेलण्यासाठीच घडवलेला असतो. आडवा भार पडला की छर्रे आणि आटे लवकर झिजतात. म्हणून टेबलाची दिशा रुळांनी ठरवायची आणि स्क्रूने फक्त ढकलायचे, हे जुळणीचे मूळ सूत्र होय.

जुळणीचा क्रमही त्यातूनच ठरतो. पहिला रूळ बेडवर, म्हणजे यंत्राच्या पायावर, अचूक कापलेल्या खांद्याला टेकवून बसवतात. त्यावरील सरकत्या ठोकळ्याला डायल गेज, म्हणजे सूक्ष्म फरक सुईने दाखवणारे मापक, जोडून त्याचे टोक दुसऱ्या रुळाच्या कडेला लावतात आणि ठोकळा सरकवत, सुई स्थिर राहील अशा बेताने एकेक बोल्ट आवळतात. त्यानंतर स्क्रू आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही प्रतलांत रुळांना समांतर आणतात. उंची कमी पडल्यास स्क्रूचे टोक पेलणाऱ्या बेअरिंगच्या घराखाली शिम, म्हणजे पातळ पत्रा, घालतात.

चूक कुठे आहे हे पुष्कळदा हातालाच कळते. टेबल मध्यभागी हलके चालते आणि बेअरिंगजवळ जड होते, कारण नट आणि बेअरिंग यांची केंद्रे एका रेषेत नसली, तर मध्यावर लांब दांडा सहज वाकून तो फरक सामावून घेतो, पण टोकाजवळ उरलेला आखूड भाग तितका वाकत नाही. म्हणूनच नट बेअरिंगजवळ आणून मगच त्याचे बोल्ट पक्के करतात.

स्क्रूचे एक टोक जखडलेले, तर दुसरे बहुधा लांबीच्या दिशेने मोकळे ठेवतात, कारण एक मीटर लांबीचा पोलादी दांडा १० अंश सेल्सिअसने तापला तर सुमारे ०.११ मिलिमीटरने वाढतो. आट्यांच्या अंतरातील ठरावीक चूक नियंत्रक संगणक आकडेमोडीने भरून काढू शकतो; परंतु वाकड्या बसवलेल्या स्क्रूचा नटावर येणारा ताण कोणत्याही आज्ञावलीने हटत नाही, तो बोल्ट सैल करून, पुन्हा मोजूनच काढावा लागतो.