पहाटेची टकटक

कला शाखेच्या विद्यार्थिनीने मोटारीच्या इंजिनावर लिहावे, हे काही प्राध्यापकांना आगाऊपणाचे वाटेल. पण गेल्या डिसेंबरात मी तलासरीला आजोबांकडे गेले होते, आणि तिथले चार दिवस मी पुस्तकाऐवजी बॉनेटमध्ये डोके घालून काढले.

आजोबांची प्रीमियर पद्मिनी १९८४ सालची. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, मूळ घराणे फियाट अकराशेचे. इंजिन चार सिलिंडरांचे, १०८९ सी.सी. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतून ही गाडी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची उतरली. आजोबांच्या अंगणात ती अजून चिकूच्या झाडाखाली उभी असते आणि महिन्यातून दोनदा चारोटी नाक्यावरून डहाणूला आमच्याकडे येते.

या हिवाळ्यात पहाटे चोक ओढून गाडी सुरू केली की टक् टक् टक् असा आवाज येई, आणि सहा-सात मिनिटांत आपोआप थांबे. महामार्गावरच्या एका गॅरेजवाल्याने अर्धवट ऐकूनच निकाल दिला, "बेअरिंग गेले. इंजिन खोलावे लागेल, बोअरिंगही करावे लागेल." खर्चाचा आकडा ऐकून आजी म्हणाली, "त्यापेक्षा भंगारात द्या." आजोबा काही बोलले नाहीत. चाळीस वर्षे त्यांनी ही गाडी कानाने चालवली. पण वयाबरोबर बारीक, वरच्या पट्टीतले आवाज आधी हरपतात. ती टकटक त्यांना ऐकूच येत नव्हती. मला म्हणाले, "तू ऐक आणि मला सांग."

आवाज ऐकण्याआधी थंड इंजिनात काय घडते, ते समजून घेतले पाहिजे. रात्रभरात तेल खाली चेंबरमध्ये उतरते, गारठ्याने दाट होते. गाडी सुरू झाल्यावर पंपाने ते वर चढेपर्यंत काही क्षण लोखंडावर लोखंड जवळजवळ कोरडेच घासते. ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत थोडी खडखड झाली तर नवल नाही. त्या वेळी ॲक्सिलरेटर दाबून इंजिन घोंगावत ठेवणारे लोक मात्र स्वतःच्या हाताने बेअरिंग झिजवतात.

त्यानंतरही आवाज उरला, तर संशयित चार. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट वाढली, तर वरून टिकटिक येते. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरते, म्हणून ही टिकटिक क्रँकच्या दोन फेऱ्यांना एकदा. कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग खालून, जड ठोका देते, तोही बहुधा प्रत्येक फेऱ्याला. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. गारठ्यात पिस्टन अधिक आक्रसतो, सिलिंडरच्या भिंतीवर आपटतो आणि पोकळ आवाज करतो. चौथा संशयित लबाड. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे पॅकिंग फुटले की प्रत्येक स्फोटाचा वायू फटीतून फुसकन निसटतो, आणि तो हुबेहूब टॅपेटसारखा वाजतो. ताल तोच, जागाही जवळचीच!

आजोबांनी पहिला प्रश्न विचारला, "तापल्यावर वाढतो की जातो?" मी म्हटले, "जातो." त्यांचा चेहरा तिथेच खुलला. तापल्यावर तेल पातळ होते, म्हणून झिजलेले बेअरिंग अधिकच ठोकते. ते गप्प बसत नाही. टॅपेटही सहसा तापल्यावर पूर्ण थांबत नाही. पिस्टन मात्र फुगून नीट बसतो, आणि मॅनिफोल्डचे लोखंड फुगून फट बुजवते. उरले दोघे.

मग प्लगची परीक्षा. इंजिन बंद करून एकेका प्लगची वायर काढायची, सुरू करून क्षणभर ऐकायचे, पुन्हा लावायची. इंजिन तापून आवाज गेला की परीक्षा संपली, म्हणून एका पहाटेला दोनच सिलिंडर जमत. दुसऱ्या दिवशी चौथ्याची वायर काढताच टकटक मेली. मला वाटले, उलगडा झाला. आजोबा हसले. स्फोटच थांबला तर पिस्टनचा धक्काही मंदावतो आणि निसटणारा वायूही. या परीक्षेने दोघांत फरक होत नाही. (टॅपेटला मात्र स्फोटाशी कर्तव्य नसते; तो वाजतच राहतो.)

तिसऱ्या पहाटे ओढणी कमरेला घट्ट खोचली, कारण पंखा समोरच फिरत असतो, आणि रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे मॅनिफोल्डच्या जोडावरून फिरवले. चौथ्या सिलिंडरपाशी फटाका वाजावा तसा आवाज कानात शिरला. आजोबांनी मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडाशी जाड फडके क्षणभर धरले; टकटक दुप्पट झाली. बॅटरीच्या उजेडात त्या जोडावर काजळीची काळी रेघही दिसली. हे सगळे उघड्या अंगणात करायचे, बंद गॅरेजात नव्हे; तो धूर विषारी असतो.

नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या बाजूला भूकंपाचे धक्के सुरू झाले, तेव्हापासून आमच्या घरी जमिनीच्या गुरगुरीला कान लावायची सवय आहे. ती इथे उपयोगी पडली, असे आजीचे म्हणणे.

इंजिन खोलावे लागले नाही. मॅनिफोल्ड उतरवून नवे पॅकिंग घातले, नट सारखे आवळले. खर्च गॅरेजवाल्याच्या आकड्यापुढे किरकोळ. चौथ्या पहाटे आजोबांनी किल्ली फिरवली आणि माझ्याकडे पाहिले. टकटक नव्हती. तिच्याखाली दडलेली टॅपेटची बारीक टिकटिक मात्र आता स्पष्ट ऐकू येत होती. ती मी त्यांना सांगितली, आणि ते फीलर गेज शोधायला आत गेले.