पर्वतीय पर्यटन व टपाल तिकिटे

पर्वतशिखरे, हिमनद्या, गिरिदुर्ग, डोंगरी रेल्वे तसेच पर्वतीय वनस्पती व प्राणी यांची चित्रे असलेली टपाल तिकिटे काढून त्या प्रदेशाकडे प्रवाशांचे लक्ष वेधण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली. प्रारंभी तिचा हेतू केवळ प्रवासी आणण्याचा होता. पर्वताला सोसेल इतकेच आणि स्थानिक लोकांच्या पदरात काही पडेल अशा रीतीने पर्यटन व्हावे, हा विचार तिच्यात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिरला. त्यालाच हल्ली शाश्वत पर्यटन म्हणतात. प्रसिद्धीचे साधन म्हणून तिकिटाचे वैशिष्ट्य असे, की ते शासनाच्या अधिकृत मुद्रेसह घरोघर पोहोचते व त्याचा खर्च पत्र पाठविणाराच सोसतो. मात्र प्रसिद्धी देणे व पर्वताचे रक्षण करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली तिकिटाला सहज साधते. दुसरीसाठी तिकिटाबाहेरची व्यवस्था लागते.

न्यूझीलंडने १८९८ मध्ये काढलेली चित्रमय मालिका हे या प्रथेचे आरंभीचे ठळक उदाहरण होय. तोपर्यंत ब्रिटिश वसाहतींच्या तिकिटांवर बहुधा राणी व्हिक्टोरियाचे मुखचित्र असे. या मालिकेत मौंट कुक, रूआपेहू यांसारखे पर्वत व पर्वतांनी वेढलेली सरोवरे आली. अडीच पेनीच्या तिकिटावर वाकाटिपू सरोवराच्या नावातील एक अक्षर चुकले, त्यामुळे ते संग्राहकांत विशेष गाजले. याहून विलक्षण गोष्ट म्हणजे मालिकेतील दोन तिकिटांवर पांढऱ्या व गुलाबी सोपानांची दृश्ये होती. उष्ण झऱ्यांतील सिलिकेच्या थरांनी बनलेल्या या नैसर्गिक पायऱ्या १८८६ मधील तारावेरा ज्वालामुखीच्या उद्रेकात नाहीशा झाल्या होत्या. म्हणजे तिकीट ज्या स्थळाची ओळख करून देत होते, ते बारा वर्षांपूर्वीच दिसेनासे झाले होते. पुढे १९०१ मध्ये न्यूझीलंडने पर्यटनासाठी स्वतंत्र शासकीय खाते स्थापन केले. असे खाते स्थापणारा तो पहिला देश मानला जातो.

टास्मानियाने १८९९ मध्ये सुरू केलेल्या आठ तिकिटांच्या मालिकेत पर्यटनाचा हेतू अधिक उघड होता. तीतील बरीच चित्रे जॉन वॉट बीटी या छायाचित्रकाराच्या छायाचित्रांवरून घेतलेली होती. एक पेनीच्या तिकिटावर मौंट वेलिंग्टन, पाच पेनीच्या तिकिटावर मौंट गूल्ड व सेंट क्लेअर सरोवर होते. ही विशेष प्रसंगाची तिकिटे नसून रोजच्या वापराची होती व दशकाहून अधिक काळ ती चालू राहिली. प्रचाराच्या दृष्टीने हीच गोष्ट महत्त्वाची ठरते. स्मारक तिकीट संग्राहकाच्या वहीत जाऊन बसते, नित्योपयोगी तिकीट लोकांच्या हातांत फिरते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९३४ मध्ये राष्ट्रीय उद्यानांविषयी दहा तिकिटे निघाली. राष्ट्राध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट स्वतः तिकिटांचे नामांकित संग्राहक होते. योसेमिटी, झायन, ग्लेशियर, ग्रेट स्मोकी मौंटन्स इ. उद्याने या मालिकेत होती. मौंट रेनियरचे चित्र तीन सेंटच्या तिकिटावर होते व साध्या अंतर्देशीय पत्राचा दर त्या वेळी तीन सेंट होता. महामंदीच्या काळात नागरिकांनी देशातल्या देशात प्रवास करावा, हा हेतू त्यामागे होता. येथे एक फरक लक्षात घ्यावयास हवा. या तिकिटांनी ज्या पर्वतांकडे लोकांना बोलाविले, ते अगोदरच कायद्याने संरक्षित होते. पाहुणा येण्यापूर्वी घराला दार बसविलेले होते.

तिकिटाच्या विक्रीतून प्रत्यक्ष निधी उभारण्याचा मार्ग म्हणजे अधिभारयुक्त तिकीट. टपालमूल्याखेरीज घेतलेली जादा रक्कम ठरावीक कार्याला दिली जाते. न्यू साउथ वेल्समध्ये १८९७ साली क्षयरुग्णांच्या मदतीसाठी अशी तिकिटे निघाली. स्वित्झर्लंडने १९१३ पासून बालकल्याणासाठी ही पद्धत रूढ केली. पर्यटनाशी तिचा संबंध नॉर्वेने जोडला. उत्तर भूशिराच्या (नॉर्थ केप) कड्याचे चित्र असलेल्या १९३० मधील तीन तिकिटांवरील अधिभार तेथील पर्यटन संघटनेला मिळाला. संयुक्त संस्थानांत २०११ पासून विकल्या गेलेल्या वाघाच्या बछड्याच्या तिकिटाचा अधिभार वन्य प्राण्यांच्या रक्षणाकडे वळविण्यात आला. पर्वतीय पायवाटांची दुरुस्ती, केरकचऱ्याची विल्हेवाट यांसाठीही हा मार्ग उपयोगी पडण्यासारखा आहे. तथापि भारतीय टपाल खात्याने काढलेल्या पर्वतविषयक प्रमुख तिकिटांवर असा अधिभार नव्हता.

भारताच्या अशा तिकिटांचा प्रारंभ एव्हरेस्टच्या पहिल्या यशस्वी आरोहणानंतर झाला. एडमंड हिलरी व तेनसिंग नोर्गे २९ मे १९५३ रोजी शिखरावर पोहोचले व त्याच वर्षी २ ऑक्टोबरला दोन आणे व चौदा आणे किंमतीची तिकिटे निघाली. भारतीय एव्हरेस्ट मोहीम (१९६५), भारतीय गिर्यारोहण प्रतिष्ठान (१९७३) व कांचनजंगाचे आरोहण (१९७८) यांवरील तिकिटे याच वळणाची होती. त्यांत पर्वत हा जिंकण्याचा विषय होता. हिमालयीन फुलांवरील १९८२ च्या चार तिकिटांनी ही दृष्टी बदलली. ब्रह्मकमळ, निळी अफूवर्गीय फुले यांसारख्या वनस्पती त्यांवर होत्या. या फुलांना पाहणाऱ्यांची गरज नसते, पायदळी न तुडविले जाण्याची असते.

हिमालयीन शिखरांची चार तिकिटांची मालिका १९८८ मध्ये निघाली. ब्रॉड पीक, के-टू, कांचनजंगा व नंदादेवी ही तिची चित्रे. त्यांपैकी पहिली दोन शिखरे पाकव्याप्त प्रदेशाच्या बाजूची असल्याने भारतीय प्रवाशांना तेथे जाता येत नाही. कांचनजंगा हे सिक्कीमच्या लोकांचे पूज्य दैवत. सिक्कीमच्या बाजूने त्यावर चढण्यास २००१ मध्ये मनाई झाली. नंदादेवीची कथा या विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोधक आहे. एरिक शिप्टन व एच्. डब्ल्यू. टिलमन हे १९३४ मध्ये ऋषिगंगेच्या घळईतून तिच्या अंतर्भागात शिरले व १९३६ मध्ये टिलमन आणि नोएल ओडेल यांनी ७,८१६ मी. उंचीचे हे शिखर सर केले. १९७४ नंतर परदेशी पथकांची रीघ लागली. जळणासाठी झुडपांची तोड होऊ लागली व कचरा साठू लागला. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान घोषित होऊन पुढच्याच वर्षी अंतर्भाग गिर्यारोहणास बंद करण्यात आला. १९८८ मध्ये, म्हणजे तिकीट निघाले त्याच वर्षी, त्यास जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तिकीट सर्वांसाठी, वाट कोणासाठीच नाही, अशी ही स्थिती होती.

या बंदीने वनस्पती व प्राणी सावरले. पण नीती खोऱ्यातील लाता, रेणी इ. गावांतील भोटिया लोकांची चराऊ कुरणे गेली व हमाली आणि वाटाड्यांच्या कामाची मिळकत थांबली. रेणी हे १९७४ मध्ये गौरादेवींच्या नेतृत्वाखाली झालेल्या चिपको आंदोलनाचे गाव. ज्यांनी जंगल वाचविले, त्यांनाच जंगलाबाहेर ठेवले गेले, अशी तेथील लोकांची तक्रार राहिली व ती गैरवाजवी म्हणता येणार नाही. २००३ पासून उद्यानाच्या कडेच्या मार्गावर मर्यादित पदभ्रमणास परवानगी मिळाली व स्थानिक लोकांना त्यात स्थान मिळाले.

भूतानने तिकिटांचा वापर सर्वांत कल्पकतेने केला. १९६२ मध्ये तेथे आंतरराष्ट्रीय टपालाची पहिली तिकिटे निघाली. बर्ट टॉड या अमेरिकी गृहस्थाच्या मदतीने पुढे हिममानवाची तिकिटे (१९६६), त्रिमितीय चित्रांची तिकिटे (१९६७), पोलादी पत्र्यावरील तिकिटे (१९६९) व तबकडीवर वाजणारी तिकिटे निघाली. त्यांनी परकीय चलन मिळवून दिले व देशाचे नाव जगभर गेले. परदेशी पर्यटकांना मात्र १९७४ पासून प्रवेश मिळू लागला, तोही मोजक्या संख्येने. २००३ मध्ये गिर्यारोहण पूर्णपणे बंद झाले, त्यामुळे गांगखार पुएन्सुम (७,५७० मी.) हे कोणीही न चढलेले सर्वांत उंच शिखर राहिले. बहुतेक परदेशी पर्यटकांकडून घेतला जाणारा शाश्वत विकास आकार २०२२ मध्ये दररोज २०० डॉलर होता, तो २०२३ मध्ये १०० डॉलर करण्यात आला. पर्वताचे चित्र विकावे, पर्वत मात्र जपून दाखवावा, असे या धोरणाचे स्वरूप दिसते.

महाराष्ट्रातील सिंहगड १९८४ च्या भारतीय किल्ल्यांच्या मालिकेत आला व नेरळ-माथेरान रेल्वे १९९३ च्या डोंगरी रेल्वे-एंजिनांच्या मालिकेत. १९०७ मध्ये सुरू झालेली ही दोन फुटी रुळांची रेल्वे माथेरानच्या पर्यटनाचा कणा होय. माथेरानात मोटारींना बंदी असून त्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. २००३ मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनक्षम क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला. तेथील वनराई टिकण्यास तिकिटापेक्षा हे नियमच कारणीभूत आहेत. सिंहगडावरील गर्दी मात्र सुटीच्या दिवशी अनावर होते.

संयुक्त राष्ट्रांनी २००२ हे आंतरराष्ट्रीय पर्वत वर्ष म्हणून पाळले व त्यानिमित्त आपली तिकिटे काढली. ११ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय पर्वत दिन २००३ पासून पाळला जातो. २०२१ मध्ये त्याचा विषय शाश्वत पर्वतीय पर्यटन हा होता. अशा प्रसंगी तिकिटाबरोबर प्रथम दिवस आवरण, विशेष शिक्का व माहितीपत्रक काढण्याची रीत आहे. यांपैकी माहितीपत्रक सर्वांत दुर्लक्षित राहते. वास्तविक पर्वतावर कसे वागावे हे सांगण्याइतकी जागा तेथेच असते.

खाजगी पत्रव्यवहार घटल्यामुळे तिकिटाचा घरोघर होणारा प्रसार आता ओसरला आहे. उलट पर्यटकच टपाल कार्यालयाकडे जाताना दिसतात. स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोख (सु. ३,४५० मी.) येथील टपालपेटीप्रमाणे हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यातील हिक्कीम येथे १९८३ मध्ये सुरू झालेले टपाल कार्यालय याचे उदाहरण आहे. सु. ४,४०० मी. उंचीवरील हे कार्यालय जगातील सर्वांत उंच कार्यालयांपैकी एक मानले जाते. तेथून पाठविलेल्या कार्डावरील हिक्कीमचा शिक्का हेच येथवर येणाऱ्या अनेकांच्या प्रवासाचे निमित्त असते.